प्रश्न नको, उत्तर टाका

आमच्या दैनिकाच्या सांगलीच्या कचेरीत संदर्भ विभागाच्या दारावर पुठ्ठ्याचा एक तुकडा सुतळीने टांगलेला असे. त्यावर जाड पेनाने लिहिलं होतं : 'प्रश्न विचारू नये. उत्तर सांगावे.'

नोकरीच्या पहिल्या दिवशी तो वाचून मला वाटलं, कुणीतरी टवाळकी केलेली आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि नेमणुकीचं पत्र छातीशी धरून मी दारात उभी. आत एक गृहस्थ भर मे महिन्यात हिरवा लष्करी स्वेटर घालून बसलेले. बॉलपेनच्या मागच्या टोकाने ते कीबोर्डवरचं एकेक बटण मोजूनमापून दाबत होते.

"आत येऊ का?" मी विचारलं.

मान वर न करता त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मी तो पुन्हा वाचला आणि जरा घुश्शातच म्हणाले, "मी आत येतेय."

"आता कसं!" ते म्हणाले. "या. चपला भायेर."

अख्खी कचेरी त्यांना सुभेदार म्हणायची. खंडाळा तालुक्यातलं गाव, फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या खात्यात, सगळी नोकरी, आणि निवृत्तीनंतर आमच्या फाटकावर रखवालदार. रखवालदाराचा संदर्भ विभागप्रमुख कसा झाला, ही गोष्ट मला निदान सहा जणांनी सहा प्रकारे सांगितली. त्यातली मला पटलेली अशी. मालकांनी पेपरचे जुने सगळे अंक स्कॅन करून संगणकात घातले आणि पुण्याच्या एका कंपनीकडून त्यांत शोधायचा प्रोग्रॅम बसवून घेतला. तो चालवायला शिकवलेली दोन मुलं तीन महिन्यांत चांगल्या नोकरीवर निघून गेली. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली फाटकावर आली. त्या खोलीत यंत्रांसाठी एसी होता. दुपारी उन्हाने फाटक तापलं की रखवालदार 'यंत्रं बघून येतो' म्हणून वर जाऊन बसायचे. थंडी वाजायची म्हणून स्वेटर. हा स्वेटर पुढे त्यांच्या अंगाला कायमचाच चिकटला.

बसल्या-बसल्या त्यांनी त्या प्रोग्रॅममधलं मदतीचं पान उघडलं. ते पान जगात कुणी वाचत नाही. सुभेदारांनी ते डिक्शनरी घेऊन, ओळ न् ओळ, दोनशे पानी वहीत उतरवून काढलं. "फौजेत नवा सेट आला की आधी पुस्तक वाचायचं, मग बटनाला हात लावायचा," ते मला म्हणाले. "तुमी लोक आधी बटन दाबता आन मग रडता."

मग एका दुपारी संपादकांना एका पुढाऱ्याचं जुनं भाषण हवं होतं. अर्धी कचेरी डोकं धरून बसलेली. चहाचा ट्रे पोचवायला आलेल्या रखवालदाराने "मी बघू का सायेब?" असं विचारलं आणि चहा निवायच्या आत भाषण काढून दिलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा माणूस आला.

मी पदवीधर, ते नववी पास. साहजिकच पहिला महिनाभर मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला आणि पुढची सहा वर्षं त्यांच्याकडून शिकत राहिले. माझा अहंकार कुठे गळून पडला ते आता आठवत नाही, पण खोली झाडणाऱ्या मावशींना तो सापडला असेल.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "खोक्याला मानसाची भाषा कळत न्हाई, बाई. त्याला जुळतंय का न्हाई एवढंच कळतं. तुमी विचारलं, अमुक पूल कधी झाला, तर ते 'कधी' सुदिक शोधत बसतंय. पेपरात 'कधी' कोन लिवंल? पेपरात असनार 'पुलाचे उद्घाटन'. ते टाका. ज्यानं लिवलंय त्याच्या खुर्चीत जाऊन बसा, तवा घावंल."

उत्तर टाका, म्हणायचे. प्रश्न नको.

त्या प्रोग्रॅमच्या खुणांना त्यांनी घरची नावं दिली होती. दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले की ते जोडीनेच शोधले जातात. त्याला ते 'जोखडात घालणं' म्हणत. शब्दाआधी वजाची खूण केली की तो शब्द असलेल्या बातम्या गळून जातात. ही त्यांची सगळ्यांत लाडकी खूण. दोन शब्द एकमेकांपासून ठरावीक अंतरात यावेत अशीही एक आज्ञा होती, तिला नाव 'शेजार'. मी ती द्यायला लागले की मागून आवाज यायचा, "किती घरं सोडून?" म्हणजे मधे किती शब्द चालतील. पाच घरं म्हटलं की ते मान डोलवत. वीस म्हटलं की, "त्याला शेजार म्हनत न्हाईत. त्याला तालुका म्हनतात."

या खुणा खोलीतच ठेवल्या असत्या तर बरं होतं, पण गडी कुठेही त्याच भाषेत बोलायचा. कँटीनमध्ये, "एक चहा, वजा साखर, वजा गप्पा." कुणी काही मागायला आलं की पहिलं वाक्य, "काय नको ते सांगा." लोक वैतागायचे. आम्हाला पाहिजे ते विचारा की हो! पण सुभेदारांचं म्हणणं, मागणाऱ्याला काय पाहिजे ते धड ठाऊक नसतं, नको काय ते मात्र पक्कं ठाऊक असतं. हे मी नंतर पुष्कळ ठिकाणी लावून बघितलं आहे. साड्यांच्या दुकानात तर फारच खरं ठरतं.

पुतण्याच्या लग्नासाठी त्यांनी अशीच एक यादी केली होती. शिकलेली, आणि शेताची किंवा शिवणाची माहिती असलेली, वजा मोबाइलचं वेड, वजा उलटं बोलणं. काकूंना म्हणजे त्यांच्या बायकोला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. काकू भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, ह्यात 'वजा पुतन्या' बी घाला. म्हंजे कायतरी घावंल." हा किस्सा त्यांनीच मला सांगितला आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. काकूंचा त्यांना विलक्षण अभिमान होता. "खरी सिग्नलवाली ती," म्हणायचे.

त्यांचं मोठं नाव झालं ते पुलाच्या बातमीने. एका गावच्या ओढ्यावरचा पूल किती वर्षं रखडला आहे, याची बातमी करायची होती. बातमीदार आकडे, मंजुऱ्या, फाइली मागत फिरत होता. सुभेदारांनी त्याला काही विचारलं नाही. त्यांनी गावाचं नाव घेतलं, 'पूल' घेतला आणि त्याच्या शेजारी, चार घरांत, 'लवकरच' हा शब्द लावला. पडदा वरून खाली सरकत राहिला. लवकरच काम सुरू होणार, लवकरच निधी, लवकरच भूमिपूजन. बातमीदाराच्या जन्माआधीपासूनचं 'लवकरच'! संपादकांनी दुसरं काही न लिहिता ते सगळे मथळे एकाखाली एक छापले. गावाने तो अंक फ्लेक्स करून ओढ्याकाठी लावला. त्या पुलावरून आता एसटी जाते, आणि मी त्या बाजूला गेले की उगाचच खिडकीतून खाली वाकून बघते.

त्यांचा हट्टीपणाही सांगायला हवा, नाहीतर ते फारच गोड वाटतील. कीबोर्डवर शेंगदाणे खायचे आणि टरफलं माझ्या बाजूला सारायचे. नव्या उपसंपादकाने लांबलचक चिठ्ठी पाठवली तर तिच्यातले सहा-सात शब्द लाल शाईने खोडून, न शोधता परत करायचे. अलीकडे मुलं मोबाइलमधल्या बोलक्या यंत्राला काहीही विचारतात आणि ते गोडगोड वाक्यांत उत्तर देतं. एकाने ते त्यांना कौतुकाने दाखवलं. सुभेदारांनी त्यात आपल्याच गावाची माहिती विचारली. यंत्राने गावात नसलेल्या किल्ल्याचं सुंदर वर्णन केलं. "हे आपल्याला खूश करतंय," त्यांनी मोबाइल परत दिला. "आपलं खोकं कुनाला खूश करत न्हाई. नसंल तर शून्य म्हनतं. लय इमानदार."

शून्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. पडद्यावर 'शून्य निकाल' आलं की आम्ही म्हणायचो, नाही हो ते पेपरात. ते म्हणायचे, "पेपरात न्हाई असं म्हनू नका. मी चुकीचं इचारलं असं म्हना."

आता त्या सोमवारबद्दल सांगते.

सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक म्हातारी आणि तिचा मुलगा आले. म्हातारी बहात्तर-त्र्याहत्तरची, नऊवारी नेसलेली, ताठ. मुलगा पन्नाशीचा, डोक्याला टोपी, चालण्यात फौज दिसत होती. कराडच्या पलीकडे त्यांचं गाव, ऊसवाले. मुलगा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. भिंतीवरचा सुभेदारांचा वर्दीतला फोटो बघितल्यावर त्याने आधी कडक राम राम घातला आणि मग पुठ्ठ्याचा मान राखून, प्रश्न न विचारता, सगळं सांगितलं.

"सायेब, ही माजी आई, शालन माने. माजी पोरगी पोलीस भरतीचा फॉर्म भरतो म्हनती. साधी पोलीस न्हवं, डायवर. ट्रॅक्टर चालवती, मला न सांगता लायसन बी काढलंय. मी न्हाई म्हनलं. आमच्या घरात बायामानसांनी कवा गाडी हाकली न्हाई. गाव काय म्हनंल? तर ही म्हातारी म्हनती, मी हाकलीया. ल्हानपनी यात्रंत छकड्याच्या शर्यतीला ही हुबी ऱ्हायली आन पयला नंबर काढला. आन ते पेपरात आलं हुतं! सायेब, मी पन्नास वर्साचा झालो. घरात कुनाच्या तोंडून हे कवा ऐकलं न्हाई. नातीसाठी रचून सांगाय लागलीया."

"रचून?" म्हातारी उसळली. "माज्या हातात कासरा हुता तवा तुजा बा कोन कुठला ते बी मला ठावं न्हवतं!"

"मग मी म्हनलं," मुलगा पुढे म्हणाला, "पेपर दाव. पेपरात निघालं तर माज्या हातानं फॉर्म भरतो. न्हाई निघालं तर पोरीनं परत नाव काढायचं न्हाई. सगळ्यांम्होरं ठरलंय. परवा मुदत संपती."

छकडा म्हणजे शर्यतीची हलकी दुचाकी बैलगाडी. तिच्यावर उभं राहून धावत्या बैलांचा कासरा धरायचा, हे गड्यांच्याही छातीत धडकी भरवणारं काम. चौदा वर्षांच्या मुलीने साठ वर्षांपूर्वी ते केलं असेल, यावर खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नाही. पण म्हातारीचे हात बघितले. मांडीवर ठेवलेल्या मुठी तिने अशा आवळल्या होत्या की मला एकदम त्या न पाहिलेल्या नातीची काळजी वाटली.

"साल सांगा," सुभेदार म्हणाले.

"भूकंपाच्या आदल्या सालची यात्रा," म्हातारी म्हणाली. आमच्याकडे कुठला भूकंप ते विचारावं लागत नाही. कोयनेचाच.

मी शोधायला बसले. शालन माने, जोखडात. त्या साली शून्य. सगळी सालं मोकळी केली तर एक भजनी मंडळ आणि एक निधनवार्ता निघाली, ती शालन निराळी. मग नाव सोडलं आणि 'शर्यत' घेतली. धबधबाच पडला. मंत्रिपदाची शर्यत, अध्यक्षपदाची शर्यत, निवडणुकीची शर्यत. सुभेदार मागून सांगत गेले आणि मी वजा करत गेले, वजा मंत्री, वजा अध्यक्ष, वजा निवडणूक. तरी प्रत्येक यात्रेची शर्यत उरलीच, कारण यात्रा कमी का असतात? शर्यतीच्या शेजारी 'महिला' लावली. शून्य. 'स्त्री' लावली. एक निघालं, ते हस्तकलेच्या प्रदर्शनाचं. शर्यतीच्या शेजारी 'शालन'. शून्य. छकड्याच्या शेजारी 'शालन'. शून्य.

पाऊण तास झाला. मुलाने टोपी हातात घेतली. त्याचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तेच मला जास्त लागलं. "जाऊ द्या सायेब. तुमी लय कष्ट घेतलं. आये, चल. झालं ना समाधान?"

"हुतं," म्हातारी म्हणाली. ती उठली नाही. "माज्या बानं कोरेगावास्नं आनला हुता त्यो पेपर. हुतं म्हंजे हुतं."

सुभेदारांनी शेंगदाण्यांची वाटी बाजूला सारली. ही गोष्ट मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितली. त्यांनी पडद्याकडे पाठ केली, खुर्ची म्हातारीकडे वळवली, आणि ज्या माणसाने दारावर तो पुठ्ठा टांगला होता त्याने स्वतःच प्रश्न विचारला.

"आजी, शर्यतीच्या टायमाला तुमचं लगीन झालं हुतं?"

"न्हाई. पुढच्या साली झालं."

"मग तवा तुमी शालन हुता का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे कुणाला माहीत नाही? माझ्या आईचं नाव असंच बदललं, दोन्ही मावश्यांचं बदललं. त्या हवालदाराने तर आपल्या बायकोचं नाव स्वतःच्या हाताने बदललं असणार. आम्ही तिघंही लग्नानंतरच्या बाईला लग्नाआधीच्या पेपरात शोधत बसलो होतो, आणि त्या बाईलाही ते सुचलं नव्हतं. तिला वाटत होतं, आपण शालनच.

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "आता ते कशाला?" ती म्हणाली. "त्या नावानं हाक मारनारं आता कोन ऱ्हायलं न्हाई."

"खोक्याला सांगायचंय," सुभेदार म्हणाले. "आमी कान झाकतो."

ती हसली. मग खाली बघत म्हणाली, "वेणू. तातोबा थोराताची वेणू."

'वेणू थोरात', जोखडात. बॉलपेन या वेळी सुभेदारांच्या हातात होतं. शून्य आलं. मुलाने नुसता सुस्कारा सोडला.

"मी चुकलो," कीबोर्ड माझ्याकडे सारत सुभेदार म्हणाले, आणि चुकण्यात त्यांना इतकी मजा वाटताना मी कधी पाहिली नव्हती. "जोखड सोडा. त्या काळात पोरीचं नाव एकटं कोन लिवतंय? आधी बाप लिवनार, मग पोरगी. थोरात म्होरं, वेणू मागं, मधी 'यांची कन्या' न् 'कुमारी'. शेजार लावा. आठ घरं सोडून, मागं-म्होरं कसंबी चालंल. आन संगं छकडा."

एक निकाल.

पान उघडलं. जुनी छपाई, शाई फुटलेली, कोपरा वाळवीने खाल्लेला, पण मजकूर शाबूत होता. सुभेदारांनी तो छापून घेतला आणि कागद हवालदाराच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा."

वरिष्ठाचा हुकूम. हवालदार उभा राहिला आणि वाचायला लागला. "कोरेगाव, आमच्या वार्ताहराकडून. यात्रेनिमित्त झालेल्या छकड्यांच्या शर्यतीत श्री. तातोबा थोरात यांच्या बैलजोडीने प्रथम क्रमांक पटकावला. श्री. थोरात यांच्या चिरंजीवांचा हात आदल्या दिवशी दुखावल्याने छकडा त्यांची कन्या कुमारी वेणू, वय चौदा, हिने हाकला. मुलीस शर्यतीत उतरू देण्यास पंचांनी हरकत घेतली असता, बैल तिच्याच हाताचे आहेत, ते दुसऱ्याचे ऐकणार नाहीत, असे श्री. थोरात यांनी सांगितले. शर्यत संपल्यावर लोकांनी कुमारी वेणू हिला..."

तो थांबला. परत वर गेला. पुन्हा खाली आला. पुढचं वाचण्याआधी त्याने आईकडे बघितलं.

"आये, तुजं नाव वेणू हाय?"

"हुतं," म्हातारी म्हणाली.

"हाय," सुभेदार म्हणाले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हितं हाय."

पन्नास वर्षांच्या, फौजेत सरहद्दीवर राहून आलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा बघितलं. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी त्याची छाती फुगत होती. त्याने उरलेलं वाक्य वाचलं, "लोकांनी कुमारी वेणू हिला खांद्यावर घेऊन देवळापर्यंत मिरवत नेले." हे वाचताना त्याचा आवाज एवढा वाढला की शेजारच्या जाहिरात विभागातली माणसं काय झालं म्हणून आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. खालच्या छपाईखात्यातली दोघं शाईच्या हातांनी वर आली आणि कारण न विचारता टाळ्यांत सामील झाली. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

म्हातारी तेवढी नाराज. तिने कागद मुलाच्या हातातून काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "बैलांची नावं न्हाईत व्हय?" ती म्हणाली. "पळालं कोन? राजा आन सर्जा. आन छापलं काय, तर बाचं न् माजं! कसला म्हनायचा ह्यो वार्ताहर?"

हवालदाराने तिथूनच मुलीला फोन लावला. "कागदं काढून ठिव. मी येतोय, मग भरू. व्हय, व्हय, डायवरचाच. अगं, आजीचं सांगतो घरी आल्यावर. न्हाई, आताच सांगतो. तुज्या आजीचं नाव काय, ठावं हाय का तुला?"

जिन्यावरून उतरताना म्हातारी पुढे होती आणि मुलगा तिच्या मागे, दोन्ही हातांत तो कागद आडवा धरून. सुभेदारांनी शेंगदाण्यांची वाटी परत पुढे ओढली आणि मला म्हणाले, "बाई, आपन लय शानं समजतो सोताला. पाऊण तास." मग दोन शेंगदाणे तोंडात टाकून, "पन घावली. घावली का न्हाई?"

"घावली," मी म्हणाले. ग्रामीण बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी दुसरा शब्द चालला नसता.

पोरगी पहिल्या झटक्यात भरती झाली. मैदानी परीक्षेत काय, गाडी चालवायच्या परीक्षेत काय, मागे वळून बघितलं नाही तिने. प्रशिक्षण संपवून ती साताऱ्याला पोलीस व्हॅनवर रुजू झाली, तोवर सुभेदार खुर्ची माझ्या हवाली करून गावी गेले होते. पुठ्ठा मी काढलेला नाही. नव्या महिला चालकाची बातमी आमच्याकडे आली, तशी मी त्यांना फोन करून कळवली. आनंद बिनंद व्यक्त न करता ते म्हणाले, "बातमीत आजीचं नाव घाला. दोन्ही नावं. शालन बी आन वेणू बी. उद्या कोन कुठल्या नावानं शोधत येईल, सांगता येत न्हाई. परत कुनाला पाऊण तास लागता कामा नये."

डेस्कवर थोडी कुरकुर झाली. बातमी लांबते, आजीचं कशाला, दोन नावं कशाला. मी सुभेदारांचीच शिष्य, त्यामुळे ऐकलं नाही. बातमी अशी छापून आली : 'त्यांच्या आजी वेणू तातोबा थोरात, म्हणजेच शालन माने, यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी राजा आणि सर्जा या बैलांचा छकडा हाकून शर्यत जिंकली होती.' बैलांची नावं मी माझ्या जबाबदारीवर घातली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या-आल्या मी संगणक सुरू केला आणि 'वेणू थोरात' टाकलं, आठ घरं सोडून, संगं छकडा. दोन निकाल. ते आकडे डोळे भरून बघते आहे तोवर फोन वाजला. म्हातारी होती. मागे बराच कालवा ऐकू येत होता.

"पोरी, पेपर मिळाला गं," ती ओरडून म्हणाली. "सकाळपास्नं पोरगं पारावर बसून वाचाय लागलंय, येईल त्याला. आतापतूर धा येळा वाचलंय. मी म्हनलं, आरं, बास की आता! तर न्हाई. नावापशी आलं की थांबतंय, आन माज्याकडं बोट करतंय."